स्केच चौदा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "सुर्वेबाई, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. लोकांना ड्राफ्ट्समन म्हणजे काय ते ठाऊकच नसतं." मी हो म्हटलं. गंमत माझ्याकडे एकच आहे, ती आधी सांगते. पुढचं गमतीचं नाही, आणि ते वाचून कोणाची फराळाची चव गेली तर त्याला माझा इलाज नाही.

मी रत्नागिरीच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मुली दोन, त्यातली एक लग्न होऊन गेली. उरलेली मी भाऊशेठांच्या वर्कशॉपमध्ये चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. एमआयडीसीत एक शेड, पुढे लेथ, मागे वेल्डिंग, आणि लोखंडी जिन्याने वर गेलं की पोटमाळ्यावर आमची ड्रॉइंगची खोली. खालून ग्राइंडरचा आवाज यायचा, वरून पत्रा तापायचा. काजूवाले, आंबा कॅनिंगवाले, बर्फाचे कारखाने, ट्रॉलरवाले, ज्याला ज्याला लोखंडाचं काही करून हवं असे तो खाली भाऊशेठांशी घासाघीस करायचा आणि मग वर माझ्याकडे यायचा. तो हातवारे करून सांगायचा, मी कागदावर उतरवायचे. काम एवढंच.

आता या कामातली एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे गवंडी चिऱ्याची भिंत घालताना आधी सुतळी ताणतो. सुतळी भिंतीत जात नाही, पण भिंत सुतळीला धरून सरळ जाते. ड्रॉइंगमध्येही तसंच असतं. वस्तूच्या रेघा वेगळ्या, आणि वस्तू बसवण्यासाठी मारलेल्या आधाराच्या रेघा वेगळ्या. मध्यरेषा, अक्ष, एखादं वर्तुळ, एखादं नुसतंच कल्पनेतलं सपाट पान. या रेघांना आम्ही रेफरन्स म्हणतो. त्यात लोखंड नसतं. बोर्डावर काम करायचे तेव्हा या रेघा कठीण पेन्सिलीने हलक्या हाताने मारायचे आणि काम झालं की रबराने पुसायचे. आमचे आयटीआयचे सर म्हणायचे, "रेफरन्स असा मारा की तुमच्याशिवाय कोणाला दिसू नये."

मग कॉम्प्युटर आला आणि पुसणं संपलं. तिथे आधाराची रेघ पुसायची नसते, कारण वस्तू तिला कायमची बांधलेली असते. भिंत उभी झाल्यावरही सुतळी तशीच ताणलेली राहते, आणि कोणी सुतळी हलवली तर आख्खी भिंत सरकते, असं समजा. हा त्या यंत्राचा मोठा गुण. पण शंभर भागांच्या यंत्रात अशा हजार रेघा साठतात आणि पडद्यावर कोळ्याचं जाळं होतं. म्हणून प्रत्येक रेखाटनापुढे डोळ्याचं एक चिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की रेघ दिसेनाशी होते, परत मारली की दिसते. सगळ्या एकदम लपवायचं बटणही असतं. लपवलेली रेघ दिसत नाही, पण आपलं काम करत राहते. नवीन मुलांना हे वाक्य मी पहिल्या दिवशी सांगायचे. माझ्या स्वतःच्या लक्षात ते किती राहिलं ते पुढे येईलच.

तर आता ती गंमत. मंडणगडकडच्या कदममामांना काजूगर वाळवायच्या ट्रे ठेवायला लोखंडी घोडा, म्हणजे मजल्यामजल्यांची मांडणी, हवा होता. मी ड्रॉइंग केलं. चौकट काटकोनात बसावी म्हणून मी तिच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन आधाराच्या रेघा मारल्या होत्या, फुलीसारख्या. घाईत त्या लपवायच्या राहिल्या आणि कागदावर छापून आल्या. वाहतुकीचे पैसे वाचवायला मामांनी घोडा गावातच करून घेतला. पंधरा दिवसांनी ते टेम्पोत घोडा घालून आमच्या दारात हजर.

"बाई, ट्रे आत कसा घालायचा ता सांगा."

घोड्याच्या प्रत्येक मजल्याला, जिथून ट्रे आत सरकवायचा तिथेच, दोन पट्ट्यांची भक्कम फुली वेल्ड केलेली. वेल्डिंग इतकं सुरेख की आमच्या माणसांनाही जमलं नसतं.

"मामा, ही फुली कशाला मारलीत?"

"तुमच्या कागदात हाय. आमचा वेल्डर म्हनला, बाईंनी काढलाय म्हंजे कायतरी इचार असंल."

आमचा सगळा शेड हसला. कदममामाही शेवटी हसले, पण भाऊशेठ हसले नाहीत. घोडा फुकट दुरुस्त करून द्यावा लागला. संध्याकाळी ते वर आले आणि म्हणाले, "बाई, आजपासून या खोलीतून जो कागद खाली जाईल त्यात जे लोखंड आहे तेवढंच दिसलं पाहिजे. तुमची रांगोळी तुमच्यापाशी ठेवायची." त्या दिवसापासून आमच्याकडे नियमच झाला. फाइल बंद करण्याआधी सगळं लपवायचं बटण दाबायचं. मला तो नियम पटला होता. स्वच्छ कागदाचा मला अभिमानच वाटायचा. ट्रेसिंग पेपरवर शाईने काम केलेली माणसं आम्ही, कागदावर डाग चालत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दत्ताराम तांडेल आमच्याकडे आले.

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. बोट मालकाची असते, पण समुद्रात शब्द तांडेलाचा. दत्ताराम ज्या मालकाच्या ट्रॉलरवर होते त्याला नवीन विंच करून हवा होता. ट्रॉलरचं जाळं तळापर्यंत सोडतात आणि लोखंडी वायरने ओढून वर घेतात, ती वायर विंचच्या ड्रमवर गुंडाळली जाते. गुंडाळताना ती एका बाजूला साचते. म्हणून ड्रमसमोर एक माणूस दांडकं घेऊन उभा राहतो आणि वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारत राहतो. वायर जिथे ड्रमला चिकटते ती जागा वाईट. तिथे बोट गेलं तर हात जातो, हात गेला तर माणूस जातो. ड्रमपुढे बहुतेक काहीच नसायचं. कोणी गार्ड बसवून दिला तरी खलाशी तो गॅसने कापून समुद्रात टाकायचे, कारण तो कामात आडवा यायचा.

दत्तारामांनी आल्याआल्या तेच सांगितलं. "बाय, ती जाळीबिळी काय नको. आमाला वायर सारवाया लागतो. जाळी लावलात तर मीच पयल्यांदा काडून टाकीन."

मी म्हटलं, "जाळी नको. ड्रमच्या पुढे कमरेएवढा पत्र्याचा कठडा करू. दुकानाच्या काउंटरसारखा. त्याच्यामागे उभं राहून तुमचं दांडकं वायरपर्यंत पोचेल, पण हात पोचणार नाही. मग तर चालेल?"

"हात पोचनार नाय म्हंजे कोनाचा हात?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना खाली शेडमध्ये नेलं, एका टेबलाला टेकून उभं केलं आणि हात पुढे करायला सांगितलं. उंच, लांब हाडाचा माणूस. त्यांच्या बोटीवरच्या खलाशांत सर्वांत लांब हात त्यांचाच होता. खांद्याची उंची, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, टेबलावरून वाकले की खांदा किती पुढे येतो ते, सगळं मी टेपने घेतलं आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. आमची माणसं काम सोडून बघायला लागली.

"शिंप्यावानी माप घेता काय, बाय? सदरा शिवून देनार हाव?"

"सदऱ्याचंच काम आहे हे. जन्मभर अंगावर राहील."

मग तेच गंभीर झाले आणि म्हणाले, "आनि चार बोटां जादा धरा. होडी लोलली का मानूस पुढं झुकतो. तुमची जमीन हालत नाय, आमची हालते."

ती चार बोटं मी धरली. वर येऊन कॉम्प्युटरवर विंचच्या बाजूच्या दृश्यात एक रेखाटन केलं. कठड्यामागे उभ्या माणसाचा खांदा म्हणून एक बिंदू. त्या बिंदूभोवती हात अधिक चार बोटं एवढ्या त्रिज्येची एक कमान. वायर ड्रमला जिथे चिकटते ती जागा या कमानीच्या बाहेरच राहिली पाहिजे, अशा हिशोबाने कठडा त्या कमानीला बांधला. कोणी ड्रम मोठा केला तर कमान माणसाला मागे ढकलेल आणि कठडाही मागे सरकेल. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम. आजही तसंच वाटतं. नट, बोल्ट, शाफ्ट, बेअरिंग सगळं कॅटलॉगमधून येतं, पण त्या विंचमध्ये एक जिवंत माणूस मापाने उभा होता.

मग मी नियमाप्रमाणे सगळं लपवलं. त्या रेखाटनाला नावही दिलं नाही. कॉम्प्युटर आपणहून नंबर देतो, तो त्याने दिला. स्केच चौदा.

विंच बसला. चार वर्षं चालला. कठडा कोणी कापला नाही. एकदा बाजारात दत्ताराम भेटले, हातात सुरमई. म्हणाले, "बाय, तुमचा काउंटर ब्येस हाय. मी हात सरळ पुढं धरतो, बोटांवर वायरचा पानी उडता, तेवढ्यावरून कळता वायर कशी येतेय ती. पन वायर काय बोटाला लागत नाय. अगदी मापात." मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन ते सगळ्यांना सांगितलं. त्या माणसाच्या अंगात ते माप मुरलं होतं. डोळे मिटून हात पुढे केला तरी तो सुरक्षित, हे त्याचं शरीर शिकलं होतं. ते शिकवलं मी, आणि म्हणूनच पुढचं मला कधी झटकता आलं नाही.

त्याच मालकाने दुसरी बोट बांधली. चांगला तांडेल म्हणून दत्तारामांना नव्या बोटीवर घेतलं. विंच तसाच हवा होता, आमच्याकडे फाइल तयार होती. पण नव्या बोटीवर मासळीच्या खणाचं झाकण विंचच्या जवळ आलं होतं आणि कठडा त्याच्या आड यायचा. झाकण पुरतं उघडेना.

मी तेव्हा वेळणेश्वरला भाचीच्या लग्नात होते. ड्रॉइंगच्या खोलीत प्रसाद होता, चिपळूणचा, डिग्री झालेला इंजिनीयर, सात-आठ वर्षं या कामात कसलेला. कामाला चोख. दुपारी पंगत बसली होती, तेवढ्यात त्याचा फोन.

"मॅडम, विंचचा कठडा वीतभर ड्रमकडे घ्यायचाय. झाकण उघडत नाही. पण माप बदललं की सगळं लाल होतंय, एरर येतेय. कठडा कशाला तरी बांधलाय. स्केच चौदा म्हणून काहीतरी लपवलेलं आहे."

"मग डोळा उघडून बघ ना."

"बघितलं. एक बिंदू आणि एक कमान आहे. हवेत लटकलेली. कशाला टेकलेली नाही. काय आहे ते?"

हवेत लटकलेली कमान. एवढं त्याने सांगितलं होतं. मी उभी होते, एका हातात मठ्ठ्याचा जग, मागे सनई-चौघडा, व्याही पानावर बसलेले. चार वर्षांत मी शेकडो कमानी काढल्या होत्या. मला आठवलं नाही. खरं सांगायचं तर मी आठवायचा प्रयत्नही केला नाही.

मी म्हटलं, "अरे, नुसता रेफरन्स असेल. त्यात लोखंड नाही. अडत असेल तर तोड तो संबंध."

"नक्की ना?"

"प्रसाद, इथे पंगत खोळंबलीय."

त्याने संबंध तोडला. कठडा सुटला, वीतभर ड्रमकडे सरकला, लाल होतं ते सगळं हिरवं झालं. झाकण उघडायला लागलं. त्याने सगळं लपवून स्वच्छ कागद खाली पाठवला. मी दोन दिवसांनी परत आले, तो कागद पाहिला आणि त्यावर सही केली. तपासणारी म्हणून सही माझीच असायची.

नव्या बोटीच्या पहिल्याच फेरीत, दुपारी जाळं ओढताना, दत्तारामांनी सवयीने हात सरळ पुढे धरला.

हात मनगटाच्या वर कापावा लागला. उजवा.

मला बातमी आमच्या लेथवाल्याने सांगितली. मी वर गेले, फाइल उघडली आणि स्केच चौदाच्या डोळ्यावर टिचकी मारली. कमान होती तिथेच होती. संबंध तोडला तरी रेघ जात नाही, नुसती कशालाही न बांधलेली पडून राहते. मी तिचा बिंदू उचलून नव्या कठड्यामागे ठेवला. कमान वायरच्या जागेवरून पलीकडे ड्रममध्ये घुसली. पुरती घुसली. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत. डॉक्टरांनी जिथे कापला तिथपर्यंतचं माप पडद्यावर होतं. प्रसाद मागे येऊन उभा होता.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. माझ्या मनात त्या वेळी एकच विचार चालला होता, की हे आता आणखी कोणाला दिसेल.

चार दिवसांनी चौकशीला एक सरकारी साहेब आले. भाऊशेठांनी त्यांना वर आणलं, चहा मागवला. साहेबांनी विंचचा कागद मागितला. मी तो दिला. स्वच्छ कागद, एकही फालतू रेघ नाही. साहेबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "गार्ड तर दाखवलेला आहे की. बोटीवर बसवलेलाही आहे, मी पाहिला. मग याने हात घातला कसा?"

भाऊशेठ म्हणाले, "साहेब, ही माणसं ऐकतात कुठे? कठड्यावरून वाकतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

माझ्यासमोर कॉम्प्युटर चालू होता. एका टिचकीचं काम होतं. मी म्हटलं, "ड्रॉइंग आहे ते असं आहे, साहेब."

खोटं एकही अक्षर बोलले नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले. चौकशीत लिहिलं गेलं की तांडेलाच्या निष्काळजीपणाने झालं. प्रसाद दोन महिन्यांत नोकरी सोडून पुण्याला गेला. जाताना माझ्या पाया पडला नाही, पडला असता तर मला ते सहन झालं नसतं.

कठडा मात्र मी गुपचूप दुरुस्त केला. झाकणाचं काहीतरी निमित्त काढून मालकाला गळ घातली, झाकणाच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या आणि कठडा पूर्वीच्या जागी नेला. दिवसभराचं काम होतं. वेळणेश्वरहून मी फोनवर एवढंच सांगितलं असतं, की बिजागरी फिरव, तरी पुरलं असतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही रेखाटन नावाशिवाय ठेवलं नाही. "इथे माणूस उभा आहे." "इथून हात जातो." "तोडू नये, सुर्वेबाईंना विचारा." नवीन मुलं हसायची. म्हणायची, बाई फाइलीत निबंध लिहितात.

आणि एक गोष्ट झाली, जी माझ्या हिशोबात नव्हती. आमच्या शेडमध्ये एक दिवस वेल्डर दुसऱ्यावर ओरडला, "हात मागं घे रे, दत्ताराम व्हायचाय काय?" मी जिन्यात होते. थांबले. ते दोघे नवे, त्यांना तो माणूस माहीतही नव्हता, ते फक्त बंदरावरून आलेलं बोलत होते. मिरकरवाड्याला, पाजपंढरीला, जिथे जिथे ट्रॉलर आहेत तिथे कोणी ड्रमजवळ गेला की हेच ओरडायचे. आयुष्यभर सावध वागलेल्या एका माणसाचं नाव वेंधळेपणाला पडलं होतं. मी रोज तो जिना चढत होते आणि महिन्यातून एकदा तरी ते ऐकत होते.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी घरी बसून काढलं. जमलं नाही. मग एका सकाळी माझ्यापाशी ठेवलेली जुनी फाइल उघडून एक कागद छापला. त्यावर विंच काळ्या रेघेत आणि स्केच चौदा लाल रेघेत. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून मी रेफरन्स छापला. तो घेऊन दत्तारामांच्या घरी गेले.

ते पडवीत बसले होते. एका हाताने आणि पायाच्या अंगठ्याने जाळ्याची दोरी धरून काहीतरी करत होते, धड होत नव्हतं. मला ओळखलं. "बाय, तुमी? बसा. अगो, पानी आन." त्यांची बायको सुनंदावहिनी बाहेर आली. मासळी विकून नुकतीच परतली होती, टोपली अजून दारातच होती.

मी सगळं सांगितलं. मठ्ठ्याच्या जगासकट. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं, हा तुमचा खांदा, ही तुमच्या हाताची कमान, ही वायर. जुन्या बोटीवर असं होतं. नव्या बोटीवर आम्ही कठडा वीतभर ड्रमकडे घेतला. तुमचा हात पोचायला नको होता, तो पोचला, आणि तो आमच्यामुळे पोचला.

त्यांनी कागद उचलून उजेडाकडे धरला. बोलल्या त्या वहिनी.

"बाय, हे दवाखान्यात शुद्धीवर आले तवापासून एकच बोलत व्हते. माझा हात तिथं पोचायचाच नाय, पोचायचाच नाय. दिवसाला धा वेळा. आमाला वाटला, डोक्यार परिणाम झालाय. माझ्या भावानं तर तोंडावर सांगितलान, आता तरी चूक कबूल करा, म्हनून."

दत्ताराम म्हणाले, "मग मी पन म्हनाया लागलो, माझीच चूक. रोज त्येच त्येच कोन ऐकनार?"

मी रडले. माफी मागितली. मागून काय होणार होतं, पण मागितली. ते मला रागाने एक शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. कागदाची घडी त्यांना एका हाताने घालता येईना, वहिनींनी घालून दिली.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, "बाय, तुमी हे माझ्या दारात सांगितलात. बरा केलात. पन माझा नाव बंदरावर गेलाय. तिथं कोन सांगनार?"

मी तशीच एसटीला उभी राहिले.

म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं. भाऊशेठ आता नाहीत, वर्कशॉपचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. माझं लिहिते. शैला सुर्वे, ड्राफ्ट्समन. दत्ताराम तांडेलांची चूक नव्हती. कठडा चुकीचा होता, आणि त्यावर सही माझी होती.

पण दिवाळी अंक बंदरावर कोणी वाचत नाही, हेही मला कळतं. म्हणून हा लेख पाठवण्याआधी मी तो लाल कमानीचा कागद मोठा छापून घेतला, खाली मोठ्या अक्षरांत वरची शेवटची तीन वाक्यं, माझ्या नावासकट, लिहिली आणि बंदरावर गेले. बोटींसाठी डिझेल भरायचा पंप आहे, तिथे खलाशांची कायम रांग असते आणि रांगेतल्या माणसाला भिंतीवरचं वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. पंपावरच्या माणसाला विचारून मी तो कागद खळीने चिकटवला.

रांगेत एक तरुण खलाशी होता, खांद्यावर कॅन. तो पुढे येऊन विंच बघायला लागला. विंच त्याने ओळखला, कठडाही ओळखला. मग लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "आन ह्यो काय हाय, मावशी? ह्यो वाकडा?"

"हात आहे तो."

"कोनाचा?"

"दत्ताराम तांडेलांचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. कॅन खाली ठेवला, आपला उजवा हात भिंतीवर त्या कमानीला लावून बघितला आणि पटकन मागे घेतला. मागच्यांनी आवाज दिला, रांग पुढे सरकली होती.